तुटू न दिलेली धार

उजवा हात मला धड बसू देत नाही. पंख्याचा वारा लागला तरी आग होते, आणि खाजवायला जावं तर नखाखाली काही कळतच नाही. कोपरापासून बोटांपर्यंत कातडी आखडलेली, सुकल्या आमसुलासारखी. पावणे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत पॅकिंगला होते, तेव्हा पिंप कलंडून कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा हातावर सांडला. त्याला वर्षं लोटली, पण हे हाताला कोण सांगणार!

यंदा मुलीचं लग्न ठरलं आणि माझी झोप उडाली. कन्यादानाला वडिलांच्या ओंजळीवर आईने झारीतून पाणी सोडायचं, आणि धार तुटू द्यायची नाही. माझ्या बोटांत तर चहाचा भरला कपही ठरत नाही. जाऊबाई म्हणाल्या, "टेन्शन कशाला घेतेस? मी सोडते पाणी."

"का? आई मेली का तिची?" मी फाडकन बोलले.

मग बेलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज सिंकपाशी तालीम सुरू. तांब्या भरायचा, उचलायचा, ओतायचा. मनगटात कळ आली की तांब्या खणकन खाली. नवरा पेपरामागून म्हणायचा, "सोसायटीची टाकी रिकामी करशील, बाई!" मुलगी मात्र हसायची नाही. एकदा म्हणाली, "आई, धार तुटली तर तुटली. पण ओतायचं तूच."

लग्नात गुरुजींनी झारी हातात दिली. हॉलचा एसी नेमका माझ्या हातावर. नुसता भडका उठला होता. नवऱ्याच्या ओंजळीतून पाणी जावयाच्या ओंजळीत, तिथून मुलीच्या. धार थरथरली, बारीक झाली, पण तुटली नाही.

तिचे भिजलेले तळवे बघितले आणि ती कंपनी आठवली. नळ समोरच होता. पॅकिंगच्या बाया बिचाऱ्या जीव तोडून माझ्या हाताला टूथपेस्ट चोळत होत्या. "पाणी नको गं, फोड येतील!" मलाही तेच खरं वाटत होतं. नुसतं पाणी ओतत राहिला असतात तर एवढं खोल गेलं नसतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

"पुरे, ताई," गुरुजी म्हणाले.

मला ऐकू आलं. तरी झारी रिकामी होईपर्यंत मी माझ्या पोरीच्या हातांवर पाणी ओतत राहिले.