दाट घड्यांचा फिल्टर

बत्तिसाव्या वर्षी मला सगळं कळत होतं. आता सत्तरी उलटल्यावर त्यातलं निम्मं विसरले आहे, आणि जे आठवतंय ते बहुतेक चुकीचं निघालं. गाडीच्या ऑईल फिल्टरचं प्रकरण त्यातलंच.

रत्नागिरीत आमच्या आळीत तेव्हा गाडी एकच, ती आमची. चार दारांची, मागे डिकी असलेली, आमच्याकडे येण्याआधीच बरंच जग पाहिलेली. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, हौसेनं घेतली होती. हे शाळेत शिक्षक. गाडी चालवायची ती रविवारी, आणि पुसायची ती रोज.

वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, मंडणगडला दिलेली. तिला सातवा महिना सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. पण आठवा लागला की गर्भारशीनं वेस ओलांडायची नाही, असा सासूबाईंचा दंडक. आणि आठवा लागत होता मंगळवारी. आधीचे दोन रविवार कुणाच्या मुंजीत आणि परीक्षेच्या पेपरांत गेले. उरला एकच. तो चुकला तर वन्संचं बाळंतपण सासरी, आणि तिच्या सासरी विहिरीचं पाणी ओढायला दुसरं कुणी नव्हतं. तिनं पत्रात तक्रार केली नव्हती. फक्त 'दादा नक्की येतोय ना?' हे दोनदा लिहिलं होतं.

बसच्या हादऱ्यांत तिला आणायचं नव्हतं. आमचे मिस्त्री म्हणाले, "गाडी न्या खुशाल. पण घाट चढायच्या आधी ऑईल बदलूया, फिल्टर बदलूया." शनिवारी दुपारी येतो म्हणाले. ह्यांची शनिवारी सकाळची शाळा, म्हणून बाजारात जायचं काम माझ्याकडे आलं. ह्यांनी फिल्टरचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाले, "ही दाखवायची, देतील तो घ्यायचा, बस."

त्या 'बस'नं माझा अपमान झाला. मासळीबाजारात सुरमईचा कल्ला उचलून बघितल्याशिवाय मी पिशवी उघडत नसे. नारळ कानाशी हलवल्याशिवाय कधी घेतला नाही. आणि मी म्हणे देतील तो घ्यायचा!

स्पेअर पार्टच्या दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि एक खोका पुढे ठेवला.

"दुसरे दाखवा."

"वहिनी, ही साडी नाही."

"म्हणून काय एकच बघून घ्यायचं?"

बिचाऱ्यानं आणखी तीन खोके काढले. मी एकेक फिल्टर बाहेर काढला. तळहातावर तोलला, उजेडाकडे धरून बघितला, फुंकर मारून बघितली. दुकानात आलेले दोन रिक्षावाले आपलं काम विसरून माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि मला वाटलं, बाईची पारख बघून थक्क झालेत. एका फिल्टरच्या कागदाच्या घड्या नेसत्या निऱ्यांसारख्या दाट होत्या. फुंकर पलीकडे जाता जात नव्हती. सोलकढीला नारळाचा रस गाळताना फडकं विरळ असलं की चोथा खाली उतरतो, हे मला ठाऊक होतं. गाळणं ते गाळणं, तेल काय आणि रस काय.

"हाच द्या."

"चिठ्ठीवरचा नंबर हा नव्हे वहिनी. हा दुसऱ्या गाडीचा. दिसायला सारखा आहे फक्त."

"नंबर काय बघता भाऊ, माल बघा!"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "खोका फाडू नका मात्र," एवढंच म्हणाला. तोवर मी फाडला होता.

दुपारी मिस्त्री आले. मूळचे समुद्रकाठच्या नाटे गावचे. उमेदीची वर्षं मच्छीमारांच्या होड्यांच्या इंजिनांवर घालवलेली. माणूस शांत. आधी इंजिन थोडं तापवलं, मग खालचा नट काढून जुनं काळं तेल पातेल्यात सोडलं, मग फिल्टरची लोखंडी वाटी उतरवली. आतला जुना फिल्टर आता फेकणार, असं मला वाटलं. त्यांनी फेकला नाही. ब्लेडनं कापला, कागदाच्या घड्या उलगडल्या, वर्तमानपत्रावर पसरल्या आणि तो कागद खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उन्हात नेऊन तिरका धरला. एखादं जुनं पत्र वाचावं तसे वाचत बसले. मधेच बोटानं काजळी उचलून अंगठ्यावर चोळली.

"काय बघताय?"

"चमक. लोखंडाची कूस, बारीक कीस, दिसली असती, तर मी उद्या गाडी सोडली नसती. नाय दिसत. आतून शाबूत हाय गाडी. हा काळा दिसता तो नुसता जळका."

मी त्या माणसाकडे बघतच राहिले. नवा फिल्टर घेण्याआधी जुन्याला काय म्हणायचंय ते ऐकून घ्यावं, हे मला बाजारात सुचलं नव्हतं. मी नव्यावर फुंकर मारत होते.

मग मी ऐटीत माझा फिल्टर दिला. त्यांनी नंबर बघितला. वाटीत बसवला आणि वाटी माझ्या कानाशी धरून हलवली. आत खडखड वाजलं.

"वाजतोय," मी म्हटलं.

"वाजता नये."

"पण घड्या बघा किती दाट आहेत!" आणि मी त्यांना सोलकढीचा सगळा सिद्धांत ऐकवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. आमच्या घरात हे कुणीच करत नसे.

"वयनी, फडका कितीय दाट असू दे. भांड्याच्या काठावरना सुटला, तर चोथा खाली पडंल का नाय? हा बोटभर बुटका हाय. तेल काय येडा नाय दाटीतना घुसायला. बाजूनं वाट दिसली की तिथनं जाईल, कचरा घेऊन."

ओटीवरून सासूबाई म्हणाल्या, "हिची बाजूनं गेलेली सोलकढी आम्ही सणाला प्यायलोय."

मिस्त्री हसले नाहीत. "बाजारापुरती फिरवायची असती तर मी काय बोललो नसतो. पण पोटुशी पोर बसणार हाय. घाटात इंजिन जाम झाला तर? होडीवर एक शिकलोय. समुद्रात बंद पडली, तर ढकलायला खाली कोण उतरणार?"

मला एकदम वन्संचं पत्र आठवलं. गाडी खळ्यात उघडी पडलेली, पोटात तेलाचा थेंब नाही, आणि बाजार एक ते चार बंद. तीन वाजताच जाऊन मी दुकानाच्या पायरीवर बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या बायका विचारत, "काय गं, इथे?" मी म्हणायची, "सावली आहे."

चारला फळी निघाली. दुकानदारानं मान वर न करता खोका पुढे केला. "ठेवला होता बाजूला."

"ठाऊक होतं तर मगाशी का ऐकलंत माझं?"

"तुम्ही मला बोलू दिलंत कुठे?"

मिस्त्रींनी नवा फिल्टर वाटीत बसवला, आणि स्वतः न हलवता वाटी माझ्या हातात दिली. मी हलवली. काही वाजलं नाही. चुकलेल्या माणसाला एवढ्या अदबीनं खात्री करून घेऊ देणारा दुसरा कुणी मी नंतरही फारसा पाहिला नाही. तेल भरलं, गाडी सुरू केली, ऑईलचा लाल दिवा विझला. तरी ते वाटीखाली कोरा कागद ठेवून अर्धा तास बसले. कागद कोराच राहिला.

रविवारी उजाडताना हे आणि मी निघालो. येताना मी वन्संजवळ मागे बसले. प्रत्येक चढाला माझी नजर ह्यांच्या खांद्यावरून त्या दिव्यावर. "वहिनी, तुलाच कळा येतायत असं वाटतंय," असं म्हणून वन्सं माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. पुढचा सगळा घाट ती झोपली होती.

दिवेलागणीला पोचलो, तर मिस्त्री आमच्या पायरीवर. रविवार असून आलेले. वन्संकडे बघायच्या आधी त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं, आणि मग म्हणाले, "आलात काय, बरा झाला."

सासूबाईंनी भाकरतुकडा लेकीवरून ओवाळून टाकला. मग आत जाऊन दुसरा तुकडा घेऊन आल्या आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "तुम्ही पण उभे राहा इथे." ते संकोचून भिंतीला टेकले, पण उभे राहिले. सासूबाईंनी त्यांच्यावरून ओवाळला, उरलेला गाडीच्या बॉनेटवरून ओवाळला.

मी मान जरा पुढे करून थांबले.

"तू काय उभी राहिलीस?" सासूबाई म्हणाल्या. "चहा टाक. आणि नीट गाळ."