सांडूची चूल आणि माळा

सांडूला राग आला की आधी हात बोलायचा, मग तोंड. आमच्या हॉस्पिटलात तो सर्व्हरचं बघतो. म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून ब्राउझरमधल्या चौकटी न्याहाळायच्या. इतक्या बैठ्या कामातही त्याने दोन कीबोर्ड गुडघ्यावर मोडले आणि कूलर नीट न बसवणाऱ्या माणसाची कॉलर फाडली. मी अभय, सी.टी. स्कॅनचा टेक्निशियन. माझ्या बसायच्या आणि त्याच्या खोलीच्या मध्ये प्लायवूडची एक भिंत आहे, तेव्हा त्याच्या शिव्या मला मशीनच्या घरघरीसकट पाठ आहेत.

सांडू मूळचा फर्दापूरचा. वडील लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटकांना चमकते दगड विकायचे. सांडूही विकायचा, आणि गिऱ्हाइकावरून मारामाऱ्या करायचा. त्याचा पुढचा दात अर्धा आहे. कुणी विचारलं की म्हणतो, "त्याचे दोन पडले. त्याला विचारा जाऊन." वडील गेल्यावर आई कडूबाई दोन्ही पोरांना घेऊन पडेगावला आली. सांडू शहागंजात एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागला, तिथेच शिकला. धाकट्या राजेंद्रला त्याने वाढवलं. मारलं त्यानेच आणि जेवू घातलंही त्यानेच.

काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणं सांडूला कधी मानवलं नाही. एक अक्षर चुकलं की त्याचं डोकं फिरायचं. म्हणून सर्व्हर बसवणाऱ्यांनी त्याला ब्राउझरमधून चालणारी व्यवस्था लावून दिली. कोणत्या डिस्क, किती भरल्या, त्यांतून जागेचे कोणते वाटे पाडले, सगळं चित्रासारखं दिसतं. जलद डिस्क महाग, म्हणून थोड्या. मंद डिस्क स्वस्त, म्हणून ढीगभर. कॅमेऱ्यांचं ताजं चित्रण जलद वाट्यात पडायचं आणि चार-सहा दिवसांनी मंद वाट्यात सरकायचं. या वाट्यांना सांडूने नावं दिली होती चूल आणि माळा. रोज लागतं ते चुलीपाशी, सणासुदीचं माळ्यावर. पुण्याहून आलेला इंजिनिअर त्या नावांना हसला, तेव्हा सांडू त्याच्याकडे असा बघत राहिला की बिचारा पाणीही न पिता परतला.

हे सगळं त्याने घरी राजेंद्रलाही शिकवलं होतं. राजेंद्र पडेगावात टेम्पो चालवायचा, कधी सांडूचा डबा घेऊन यायचा म्हणून गेटवरही ओळखीचा होता, पण संगत वाईट होती. आज ना उद्या त्याला इथेच चिकटवू, असं सांडूच्या मनात. रविवारी लॅपटॉप मांडीवर घेऊन दाखवायचा: हा पूल, म्हणजे सगळ्या डिस्कची एक मोट, ही चूल, हा माळा, आणि हे पुसायचं लाल बटण, "याला हात लावला तर हात तोडीन."

मग ती दुपार आली. पडेगावातला एक पोरगा मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला, आमच्याकडे आणला आणि तासाभरात गेला. बातमी वस्तीत पोचायच्या आत जमाव गेटवर पोचला. हातात पाइप, हॉकी, ट्यूबलाइट. गेटवर आमचा निजामुद्दीन होता, सगळ्यांचा निजामभाई. शहागंजाचा, पन्नाशीचा, गुडघे दुखणारा माणूस. त्याने गेटला पाठ लावली आणि म्हणत राहिला, "अंदर मरीज हैं बाबा, मरीज हैं." पहिला पाइप त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर.

पुढचं मी पाहिलं नाही. आम्ही स्टाफ ऑपरेशन थिएटरात कोंडून घेतलं होतं, दाराला स्ट्रेचर लावून. बाहेर काचा फुटत होत्या. एक नर्स तोंडात ओढणी कोंबून रडत होती. मला वाटत होतं, दार तुटलं तर आधी कुणाला मारतील, आणि लाज वाटते सांगायला, मी स्ट्रेचरच्या मागच्या बाजूला सरकलो. पोलीस आले तेव्हा रिसेप्शनवर धड खुर्ची उरली नव्हती. भिंतीवरचे टीव्ही झाडून फोडले होते. टीव्ही फोडला म्हणजे कॅमेरा मेला, असा त्या शहाण्यांचा हिशोब. निजामभाई मात्र गेटवर नव्हता. तो आकस्मिक विभागात स्ट्रेचरवर सापडला, डोक्याला कुणाचा तरी रुमाल घट्ट बांधलेला, बेशुद्ध. त्याला तिथे कोणी आणलं, कुणालाच सांगता येईना. त्या गडबडीत कुणाला ते महत्त्वाचंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गेटच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. भिंतीपलीकडून मला सांडूच्या शिव्या ऐकू येत होत्या, आणि एकदम त्या थांबल्या. असं कधी होत नाही, म्हणून मी डोकावलो. पडद्यावर निजामभाई गेटला टेकून उभा होता आणि त्याच्या डोक्यावर पाइप उगारलेल्या माणसाच्या तोंडावरचा रुमाल घसरला होता. राजेंद्र.

"अभयभाऊ," सांडू म्हणाला, "दार लावून घ्या."

मी लावलं. त्याने ते चित्रण पहिल्यांदा कुठे पाठवलं असेल, तर माळ्यावर. चूल भरली की जुन्यावर नवं चढतं. माळ्यावर गेलेलं कुणी सहज पुसत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण या माणसाने सख्ख्या भावाविरुद्धचा पुरावा सगळ्यात आधी सुरक्षित केला. सरकवून झाल्यावर त्याने भिंतीवर अशी बुक्की मारली की माझ्या बाजूचं कॅलेंडर पडलं.

मग मी माझ्या कामाला गेलो. एक पेशंट मशीनवर घेतलेला होता. तेवढ्यात सांडू उरलेले कॅमेरे तपासत बसला, हे त्याने मला नंतर सांगितलं. आकस्मिक विभागाच्या दाराचा कॅमेरा उघडला, आणि त्यात राजेंद्र परत आलेला त्याला दिसला. जमाव पळत होता आणि हा उलटा येत होता, निजामभाईला खांद्यावर घेऊन. स्ट्रेचरवर ठेवलं, तोंडावरचा रुमाल सोडून त्याच्या डोक्याला बांधला, बांधून जखमेवर हात दाबून उभा राहिला, शेवटी कुणीच येईना म्हणून पळाला. सांडूने ते माळ्यावर पाठवायचं सोडलं आणि पुन्हा पुन्हा बघत बसला. मी समजू शकतो. मीही बघत बसलो असतो.

राजेंद्र आला तो तेव्हा. गेटवर नवा माणूस होता. भाऊ आहे, डबा आणलाय म्हटल्यावर त्याने सोडलं. भिंतीपलीकडून मला आधी त्याचाच आवाज आला.

"दादा, ते पूस."

"राजू, हिकडं ये, आधी हे बघ..."

"मला काय बी बघायचं नाय! त्यांनी लई जणांना उचललंय. तू पूस म्हंतो ना!"

मग कडूबाईच्या स्टीलच्या डब्याचा आवाज आला, आणि तो आवाज हाडावर आपटल्याचा होता. खुर्ची उलटली. मी पेशंटला "हलू नका" सांगून धावलो, तर दाराला आतून कडी. काचेतून दिसत होतं. सांडूचं नाक फुटून रक्त शर्टावर उतरलेलं, जमिनीवर भाजी सांडलेली, आणि राजेंद्रने त्याला गुडघ्याखाली दाबून कोपर गळ्यावर रोवलेलं. सांडू पाय झाडत होता, राजेंद्रच्या मांडीत नखं रुतवत होता. तोंडातून नुसती घरघर. दुसऱ्या हाताने राजेंद्रने टेबलावरचा माउस धरला.

सगळं शिकवलेलंच होतं ना! काल घडलं ते ताजं, ताजं ते चुलीवर. अर्ध्या हळकुंडाने पिवळं झालेलं पोर. त्याने पूल उघडला, चूल निवडली. व्यवस्थेने विचारलं, हे वापरात आहे, जबरदस्तीने बंद करू का. पुन्हा विचारलं, हे कायमचं जाईल, नक्की का. राजेंद्रला इंग्रजी धड येत नाही, पण लाल बटण कुणालाही वाचता येतं.

मी स्टूल घालून काच फोडली, आत हात घातला, कडी काढली. तेवढ्यात चूल गेली होती.

मी राजेंद्रच्या पाठीत स्टूल घातलं. नाही म्हणणार नाही, दोनदा घातलं. तो बाजूला पडला आणि हसायला लागला. "सुटलो, दादा. सुटलो."

सांडू उठून बसला. खोकला. रक्त थुंकला. मला वाटलं, आता हा त्याला मारून टाकणार. पण तो अगदी हळू बोलला.

"गेटचं तिथं नव्हतंच. ते म्या माळ्यावर टाकलं व्हतं."

राजेंद्रचं हसू थांबलं.

"चुलीवर तू व्हतास. निजामभाईला उचलून आणणारा."

राजेंद्र पडद्याकडे बघत होता, तिथे आता रिकामी चौकट होती. मग तो गुडघ्यांवर रांगत आला आणि त्याने भावाचा शर्ट धरला. "परत आण. दादा, परत आण ते. त्यानं मला वळखलं व्हतं रे. मारल्यावर 'राजू' म्हनला तो. म्हणून गेलो म्या परत." आणि त्याने सांडूच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. "आण ना!" तिसरीला सांडूने त्याचा हात धरला, आणि मग उलट असा ठोसा दिला की राजेंद्र भिंतीवर आदळला. त्यानंतर दोघे एकमेकांना कवटाळून ओरडून रडत होते आणि मधूनच एकमेकांना मारत होते. मी भिजलेल्या मांजरासारखा दारात उभा. माझा पेशंट मशीनवर तसाच पडून होता, न हलता.

जलद डिस्कचा स्वभाव असा की पुसलं की ती जागा लगेच साफ करून टाकते. मोठ्या डॉक्टरांनी मेहरबानी म्हणून पुण्याहून माणूस बोलावला, तोच, नावांना हसणारा. तो दिवसभर बसला आणि मान हलवून गेला. या वेळी हसला नाही.

माळ्यावरचं पोलिसांना सांडूने स्वतः दिलं. राजेंद्रला त्या संध्याकाळीच नेलं होतं. पडेगावात लोक सांडूला कुऱ्हाडीचा दांडा म्हणायला लागले. कडूबाई त्याला वाढायची, पण ताटासमोर बसायची नाही. त्याने चौकीवर जबाब दिला की माझ्या भावानेच जखमीला आत आणलं. साहेबांनी विचारलं, चित्रण? नाही. मीही जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले, "तुम्ही ऐकलं, बघितलं नाही." रुमाल? तो टाके घालताना कापून कचऱ्यात गेला होता. मी टेबलावर हात आपटला. साहेबांनी मला पाणी विचारलं.

मग एकच आशा उरली, निजामभाईची. त्याने एवढं म्हटलं की हो, राजूने मला उचललं, तरी राजेंद्रची शिक्षा हलकी झाली असती. निजामभाई शुद्धीवर आला, हळूहळू बोलू लागला. त्याला घरी सोडल्यावर सांडू आणि मी शहागंजात त्याच्याकडे गेलो. त्याच्या बायकोने, आबेदाभाभीने, सांडूलाही चहा दिला. डोकं एका बाजूने कायमचं खोलगट झालेलं. गेटपर्यंतचं सगळं त्याला आठवत होतं. राजूचा चेहरा आठवत होता. त्यानंतर काही नाही.

सांडूने त्याला सगळं सांगितलं. कसं उचललं, कसा रुमाल सोडला, कसा हात दाबून उभा राहिला. सांगताना स्वतःच्याच डोक्यावर हात दाबून दाखवत होता. निजामभाईने शांतपणे ऐकून घेतलं. चहाची बशी खाली ठेवली. रागवला असता तर बरं झालं असतं. त्याने सांडूच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भाई है ना तेरा," तो म्हणाला, "तू तो ऐसाच बोलेंगा."