मोडलेल्या पायाचं बाळंतपण

डावं पाऊल उंबऱ्यापलीकडे टाकायला उचललं, अंगाचा भार उजव्या पायावर आला आणि तो पाय दुमडला. दुखला नाही, मोडला नाही. भिजलेला पुठ्ठा दुमडतो तसा दुमडला. मी उंबऱ्यावर आपटले. अंगणात शेजारच्या पाच बायका चांगल्या साड्या नेसून उभ्या होत्या. माझ्या थोरल्या जावेच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. मी दोन्ही हातांनी चौकट धरून अंग वर ओढलं, पण खालून काही जोर येईना. पाय जागच्या जागी होते, नुसते माझं ऐकत नव्हते. तेवढ्यात मला लघवी झाली. साडी भिजली, ओघळ ओटीवरून अंगणात गेला आणि सगळ्यांनी तो पाहिला.

जाऊ बायकांकडे वळून म्हणाली, "हिला उठायचंच नाय. लगीन करून आली तवापासून अशीच. काम दिसलं की बसनार. चाळीस दिस मी हिचं गू-मूत काढलं, आता जल्मभर काढायचं दिसतंय."

एकजण हसली. कोण हसली ते मला अजून माहीत आहे.

चाळीस दिवसांपूर्वी मी आमच्या वाडीत घसरले होते. आमची वाडी सांडोरच्या बाजूला, केळी आणि भाजीपाल्याची. तेव्हा गावातल्या विहिरींचं पाणी टँकरवाले उपसून विरारच्या इमारतींना न्यायचे आणि टँकर जाऊन जाऊन रस्त्याकडेचा बांध नुसता चिखल झाला होता. डोक्यावर अळूची पाटी होती. पाटी वाचवायला गेले आणि मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात हाडात सळी घातली. डॉक्टर माझ्या मुलाला म्हणाले, "उद्यापासून वॉकर धरून उभं करा. जितकं लवकर चालतील तितकं बरं." मुलगा हो म्हणाला. घरी आल्यावर त्याने हे जावेला सांगितलं, तिथे सगळं बिघडलं.

घरात चालायचं ते तिचं. आम्ही दोघी दोघा भावांच्या बायका, एक चूल, एक विहीर. दोघींचे नवरे हयात होते, पण बायकांच्या खोलीतल्या गोष्टीत पुरुषाने तोंड घालायचं नाही अशी आमच्याकडे रीत. जावेने आयुष्यात बाईमाणसाचं एकच मोठं दुखणं निभावलं होतं, ते म्हणजे बाळंतपण. गावातल्या कितीतरी बाळंतिणी तिने उठवल्या होत्या. तेव्हा तिने माझ्या मोडक्या पायाचंही बाळंतपण केलं. दार बंद, खिडकीला कांबळं. मला बाजेवर घातलं, बाजेखाली शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली. सकाळ-संध्याकाळ तेल. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, तूपभात. पाय जमिनीला लावायचा नाही.

मी म्हटलं, "वैनी, डाक्टर चालायला सांगतो."

"डाक्टरला काय कलतं? हाड वलं हाय अजून. सव्वा महिना हलायचं नाय."

"मी काय बालंतीन हाय?"

"बालंतीन बरी. ती निदान पोर तरी देते."

तिने माझं सगळं केलं. अंग पुसलं, संडास-लघवीला भांडं दिलं, भांडं धुतलं. कधी नाक मुरडलं नाही. हे मी नाकारत नाही. पण तेवढ्याने तिने केलेलं बरोबर ठरत नाही.

मलाही दोष आहे. मी पडून राहिले. वाडीत पहाटेपासून राबणाऱ्या बाईला चाळीस दिवस कोणी लाडू भरवले तर ती पहिले आठ दिवस नको म्हणते, नंतर म्हणत नाही. माझं पोट सुटलं, गाल वर आले. बघायला येणारा म्हणायचा, तब्येत सुधारली. पांघरुणाखाली मांड्या वाळत होत्या, त्या कोणी पाहिल्या नाहीत. मीही पाहिल्या नाहीत. एकेचाळिसाव्या दिवशी बाळंतिणीला विहिरीवर नेऊन विहिरीला हळदकुंकू वाहतात, तसं मला न्यायचं जावेने ठरवलं. मला न्हाऊ घातलं, बायका बोलावल्या. पुढचं वर सांगितलं आहे.

मुलाला वाटलं सळी निसटली. त्याने रिक्षातून दवाखान्यात नेलं. हाडाचा फोटो काढला. सळी जागेवर होती, हाड उत्तम जुळत होतं. डॉक्टर मुलावर ओरडले आणि मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे पाठवलं. बाई कसली, पंचविशीची पोरगी. नव्या इमारतींपैकी एकीत राहायची. दोन दिवसांआड स्कूटरवरून घरी येते म्हणाली.

पहिल्या दिवशी तिने शिंप्याच्या टेपने माझ्या दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी चांगली चार बोटं बारीक भरली. डावी तरी कुठे पहिल्यासारखी होती?

"मावशी, हाड ठीक आहे. प्रॉब्लेम मसल्सचा आहे. स्नायूंचा."

"ते काय असतं?"

"हाडावरचं मांस. हाड स्वतः हलत नाही, स्नायू त्याला ओढतो. स्नायूला ढकलता येत नाही, फक्त ओढता येतं. म्हणून ते जोडीने असतात. पुढचा ओढतो तेव्हा गुडघा सरळ होतो, मागचा ओढतो तेव्हा वाकतो."

हे मला लगेच कळलं. आमच्याकडे कोंबडी कापली की तुटलेल्या पायातली पांढरी दोरी पोरं ओढतात आणि नख्या मिटतात. मी तिला हे सांगितलं. तिला किळस आली असावी, पण म्हणाली, "करेक्ट. तीच दोरी. ती स्नायूला हाडाशी बांधते. तुमची दोरी शाबूत आहे. ओढणारा दुबळा झालाय."

"कशानं?"

"पडून राहिल्याने. स्नायू वापरला नाही की शरीर तो पोसत नाही. आठवड्याभरात उतरायला लागतो. चढायला महिने लागतात."

दारात जाऊ उभी होती. ती म्हणाली, "म्हंजे मी पाडून ठेवली असं म्हन ना सरल."

पोरगी टेप गुंडाळायला लागली. मी गप्प बसले नाही. "हो, तूच पाडून ठेवलीस," असं म्हणाले. तीस वर्षांत मी तिला पहिल्यांदा अगंतुगं केलं.

त्या दिवसापासून आमच्यात उघड वैर सुरू झालं. माझा जीव एकाच गोष्टीवर होता, पुन्हा कोणाच्या हाताने भांडं घ्यायचं नाही. उठता आलं नाही तर मरेपर्यंत मी तिच्या ताब्यात राहणार, आणि दर भांड्यागणिक ती ते गावाला ऐकवणार. हे तिलाही ठाऊक होतं.

पोरीने कामं लावून दिली. बाजेच्या कडेला बसून पाय सरळ करायचा, धरून ठेवायचा, हळू खाली आणायचा. टाकून द्यायचा नाही, कारण खाली आणतानाही स्नायू काम करतो. खिडकीचे गज धरून टाचा उचलायच्या. ती म्हणायची की पोटरी पायातलं रक्त पिळून वर ढकलते, ती निजली की रक्त खाली साचतं. मग खुर्चीवरून हात न लावता उठायचं, पुन्हा बसायचं. पहिल्या दिवशी मला एकदाही उठता आलं नाही. खुर्चीवर दोन उशा ठेवल्या तेव्हा एकदा उठले. दोन-तीन आठवड्यांनी तिने पिशवीत किलोभर वाल भरून घोट्याला बांधले.

जाऊ शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "गाढवाला वझं बांधतात तसं बांधलंय हिला. आता फक्त हाकायचं."

मी आतून ओरडले, "गाढव चालतं तरी. तुझ्याकडे ऱ्हायले असते तर तेपन जमलं नसतं."

दुखायचं फार. पोरीने दोन दुखणी वेगळी करून दाखवली. मांडी जळल्यासारखी होते ते कामाचं दुखणं, ते चालवून घ्यायचं. सुरी खुपसल्यासारखी कळ सांध्यात आली की लगेच थांबायचं. रोज तेच काम दामटायचं नाही, एक दिवस जड, एक दिवस हलकं, कारण स्नायू काम करताना वाढत नाही, नंतर विसाव्यात वाढतो. मी विचारलं, "मग मी विसावाच घेत होते की चाळीस दिस." ती म्हणाली, "कामाआधीचा विसावा फुकट जातो, मावशी."

तिने लाडू बंद केले. डाळ, अंडी, मासे, वाटाणे खा म्हणाली. तूप-गुळाने चरबी चढते, स्नायूला लागतं ते वेगळं. उरलेले लाडू मी जावेच्या डोळ्यांदेखत कोंबड्यांना टाकले. ते मी करायला नको होतं. तिने ते तीन दिवस खपून वळले होते. पण केलं.

दुसऱ्या दिवशी वॉकर जागेवर नव्हता.

"वैनी, माजा वाकर कुटं हाय?"

"माल्यावर ठेवलाय. येनारे-जानारे बघतात. लंगडीचं घर म्हनतात आपल्याला."

"काढून दे."

"उतरव की तूच. तुज्या त्या पोरीनं चढायला नाय शिकवलं?"

मुलगा जेवत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "आई, काकी थकलीय तुझं करून. जरा समजून घे." मी वाडीत असायचे तेव्हा त्याला जावेनेच वाढवलं होतं, म्हणून त्याने ताट सोडलं नाही. त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही आणि त्यालाही ते माहीत आहे.

वॉकर नव्हता, म्हणून मी खुर्ची धरली. खुर्ची पुढे सरकवायची, एक पाऊल, पुन्हा सरकवायची. फरशीवर तिचा कर्कश आवाज व्हायचा. जावेला दुपारी झोप लागायची तेव्हाच मी मुद्दाम चालायचे. चौथ्या दिवशी तिने स्वतः माळ्यावरून वॉकर काढून माझ्यासमोर आपटला. "घे. मर, पन आवाज करू नको."

पुढच्या दोन महिन्यांत मी घरातून ओटीवर, ओटीवरून अंगणात आले. वालाची पिशवी दोन किलोची झाली. पोरगी येईनाशी झाली, कारण तिची गरज उरली नाही. संडासला एकटी जाऊ लागले त्या दिवशी मी जावेला सांगितलं, "भांडं घासून ठेव. तुला लागंल कधीतरी." वाईट बोलले. खरं निघालं.

पाच-सहा वर्षं गेली. मी वाडीत जात होते, डोक्यावर नसलं तरी काखेत ओझं नेत होते. खुर्चीवरून उठायबसायचं मी सोडलं नव्हतं. पोरगी जाताना म्हणाली होती, पन्नाशीनंतर स्नायू आपोआप झिजतात, सोडलंत की होतात तिथे परत. मग जाऊ न्हाणीघरात पडली. नशीब की हाड मोडलं नाही. कमरेला मुका मार लागला. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आराम, मग चाला. ती घरी आली आणि मधल्या वर्षांत आलेल्या आपल्या सुनेला म्हणाली, शेगडी पेटव.

चार दिवसांनी मी तिच्या खोलीत गेले. कांबळं खिडकीवरून ओढून काढलं.

"ऊठ."

"माजी कंबार मोडलीय गो."

"मोडली नाय. फोटो मी बघितला. ऊठ, खुर्ची आनलीय."

"सूड घेतेस व्हय माजा?"

"सूड घ्यायचा असता तर तुला लाडू दिले असते."

तिने हसू आवरलं. मी काखेत हात घालून तिला बसवलं, उभी करायला गेले. तिने माझ्या दंडाला नखं मारली आणि अशी ओरडली की सून धावत आली. सुनेला वाटलं मी म्हातारीला छळते. दुसऱ्या दिवशीपासून त्या दोघींनी खोलीला आतून कडी लावली. मी दार वाजवलं. आतून जाऊ म्हणायची, "सव्वा महिना होऊ दे गो, मग बघू." पंधरा दिवस रोज वाजवलं, मग वाजवणं सोडलं. मी आणखी वाजवलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत नाही.

सव्वा महिन्याने तिला बसताही येईना. पाठीला जखमा झाल्या. मग छातीत कफ झाला. खोकून तो बाहेर काढायचा तर पोटात आणि बरगड्यांत जोर लागतो. तो तिच्यात उरला नव्हता. शेवटचे दहा दिवस तिचं भांडं मी दिलं, सुनेला जमेना म्हणून. मी ते गावाला ऐकवलं नाही.

ती बाजेवरच गेली. माझं हाड मोडलं होतं, तिचं मोडलं नव्हतं. दोघींतली मी जिवंत आहे.