गाडीतली लक्ष्मी

“मॅडम, व्हेअर इज लक्ष्मी?” नागपूरहून सेनसाहेब फोनवर तिसऱ्यांदा विचारत होते. “तिचं स्टेटमेंट फाइलला का नाही?”

लक्ष्मी कोण, हेच मला ठाऊक नव्हतं.

रेवा आणि अद्वैत, तुमची आजी यवतमाळला एका विमा कंपनीत क्लेम बघायची, एवढं तुम्हाला माहीत आहे. क्लेम म्हणजे नुकसान झाल्यावर विमा घेतलेला माणूस कंपनीकडे मागतो ती भरपाई. माझ्या टेबलावर बहुतेक पोटापाण्याच्या गाड्या यायच्या: भाजीच्या, दुधाच्या, कापसाच्या. त्यांच्या पॉलिसीत एक अट असते. माल वाहणाऱ्या गाडीने मालच वाहायचा. मागे प्रवासी बसवला, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. आणि नाकारायची संधी आमचं नागपूरचं ऑफिस सहसा सोडत नसे.

वासुदेव ढोले हा आर्णीचा माणूस. स्वतःचा एक छोटा ट्रक, स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. खेड्यांतून कापूस भरायचा आणि जिनिंगला, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, पोचवायचा. ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, तालुक्यातल्या निम्म्या जिनिंगना कुलपं. चालू असलेल्या एका जिनिंगने वासुदेवला दोन गावांच्या खेपा दिल्या होत्या. त्याचं वर्ष त्यावर होतं.

दिवाळीनंतर एका सकाळी त्याच्या ट्रकला रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली. तिला वाचवायला गेला आणि ट्रक नाल्यात कलंडला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ट्रकचं केबिन मात्र चेपलं, पुढचा एक्सल वाकला. गाडी गॅरेजला लागली. क्लेम मंजूर होईपर्यंत गॅरेजवाला नवीन एक्सल मागवायला तयार नव्हता, आणि जिनवाला खेपा अडवून ठेवायला तयार नव्हता.

फाइल साधी होती. लायसन्स बरोबर, परमिट बरोबर. वासुदेवने स्वतःच्या अक्षरात निवेदन लिहून दिलं होतं. रक्कम आमच्या ब्रँचच्या अधिकारापेक्षा मोठी, म्हणून मंजुरी नागपूरची. सेनसाहेब कोलकात्याहून बदलून आलेले, त्यांना मराठी येत नसे; आमचं बोलणं इंग्रजीतच चाले. म्हणून निवेदनाचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडावं लागे. ते काम ब्रँचमध्ये माझ्याकडे होतं, कारण माझं इंग्रजी चांगलं. मला त्याचा अभिमानही होता.

वासुदेवने लिहिलं होतं: ‘गाडीत सीतादईची लक्ष्मी होती. केबिनमंदी मी एकटाच होतो.’ मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं आणि फाइल पाठवली.

सेनसाहेबांनी ते वकिलाच्या डोळ्यांनी वाचलं. सीतादई ही आई, लक्ष्मी ही मुलगी. केबिनमध्ये ड्रायव्हर एकटाच, म्हणजे मुलगी मागे मालावर बसलेली. अट मोडली. शिवाय मुलीला लागलं असेल तर उद्या आणखी एक क्लेम कंपनीच्या दारात!

मी फोन ठेवला आणि वासुदेवला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो एसटीने आला. सोबत त्याची बायको मंदाबाई. चौकशी एकट्याची करायला हवी होती. पण मी वैतागले होते, आणि बसल्या बसल्या विचारून मोकळी झाले.

“वासुदेवराव, त्या लक्ष्मीला कुठे लागलं?”

“कोन लक्ष्मी?”

“तुमच्या गाडीत मागे बसली होती ती. सीतादईची मुलगी.”

मंदाबाई नवऱ्याकडे वळल्या. “मले तं म्हने एकटाच गेलतो! हे लक्ष्मी कायले बसवली गाडीत?”

“अवो, देवाशप्पथ, कोनी नोतं!”

“मॅडम काय खोटं बोलून राह्यल्या काय?”

मी त्याचंच निवेदन त्याच्यापुढे ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग कपाळावर हात मारला.

“अवो मॅडम, हा तं कापूस हाय!”

मग दोघांनी मला समजावून सांगितलं. कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात दहीभात ठेवून पूजा करतात, ती सीतादई. त्या वेचणीचा कापूस घरी येतो तो लक्ष्मी म्हणून. त्याला नुसता कापूस म्हणायचं नसतं. विम्याच्या कागदावरसुद्धा वासुदेवने तो मान राखला होता.

मंदाबाईंना आता हसू आवरेना. “येवढं इंग्रजी शिकल्या मॅडम, अन् सीतादई नाई माईत?”

नव्हती माहीत. मी यवतमाळात जन्मले, यवतमाळात वाढले, आणि आमच्या घरात कापूस म्हणजे देवाच्या वाती. शेत मी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं.

मला वाटलं, संपलं. नागपूरला फोन केला.

“सर, लक्ष्मी इज कॉटन.”

सेनसाहेबांनी मला दुरुस्त केलं. “मॅडम, इन कोलकाता लक्ष्मी इज अ गॉडेस.”

“इथेही, सर. पण या गाडीत ती कापूस आहे.”

“आता कस्टमरने स्टेटमेंट फिरवलं, असं ऑडिट म्हणेल. गाडीत बाई नव्हती याचं प्रूफ पाठवा.”

नसलेल्या बाईचा पुरावा! मी सर्व्हेयरला गाठलं. सर्व्हेयर म्हणजे नुकसान पाहून अहवाल देणारा कंपनीबाहेरचा माणूस. त्याच्याकडे अपघाताच्या जागेचे फोटो होते. नालाभर कापूस पसरलेला.

“कापूस दिसतोय ना, मॅडम?”

“दिसतोय. पण बाई नव्हती हे दाखवायचंय.”

“मग न बसलेल्या बाईचा फोटो मी कसा काढू?”

तरी मी फोटो पाठवले. पोलीसपाटलाचा दाखला पाठवला. जिनिंगने तोच माल दुसऱ्या गाडीतून उतरवून घेतला होता, त्याची वजनकाट्याची पावती पाठवली. नागपूरहून उत्तर आलं: कापूस असल्याने बाई नसल्याचे सिद्ध होत नाही. मधल्या काळात एक गाव वासुदेवच्या हातून गेलं. त्याने ते मला फोनवर सांगितलं, आवाज न चढवता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. “सेनसाहेबाले लक्ष्मीचा पत्ता पाहिजेन तं सांगा,” तो म्हणाला, “जिनमंदी तिची गाठ बांधली. आता मिलमंदी असन.”

शेवटी मी सेनसाहेबांना सरळ विचारलं, “सर, कोणता कागद आला तर तुम्ही सही कराल?”

“चूक कस्टमरची नाही, ऑफिसची आहे, असं ज्याने चूक केली त्याने लिहून द्यावं. देन आय कॅन साइन.”

हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. आणि खरं तर मलाही पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. गावभरचे दाखले मी गोळा केले, स्वतःचा एक तेवढा सोडून.

आमचे ब्रँच मॅनेजर म्हणाले, “लिहू नका, बाई. पुढच्या महिन्यात तुमचा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे. फाइल पडू द्या, थोड्या दिवसांनी होईल काहीतरी.”

“थोड्या दिवसांनी कापूस संपेल,” मी म्हटलं.

मी तीन वाक्यं लिहिली. ‘मूळ निवेदनात लक्ष्मी या शब्दाचा अर्थ कापूस असा आहे. भाषांतर मी केले. चूक माझी आहे.’ माझ्या नोकरीतलं ते सर्वांत छोटं पत्र.

चार दिवसांत क्लेम मंजूर झाला. पाचव्या दिवशी मला मेमो आला, निष्काळजीपणाबद्दल. मी तो फाइलला लावला, पंच करून, तारखेच्या क्रमाने. प्रमोशन त्या वर्षी झालं नाही. वासुदेवचा ट्रक शेवटच्या वेचणीला रस्त्यावर आला. उरलेलं एक गाव त्याने राखलं. गेलेलं गाव परत मिळालं नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. निवेदन लिहून झालं की त्या माणसाला तिथेच विचारायचं, “गाडीत काय होतं, ते आता दुसऱ्या शब्दांत सांगा.” याला अर्धं मिनिट लागतं. मी ते वाचवलं होतं, आणि त्याचे सात आठवडे झाले.

तुमची आई सांगते, तुम्ही माझी मराठी पत्रं फोनमध्ये घालून इंग्रजीत वाचता. वाचा. पण हे वाचताना गाडीत एखादी बाई दिसली, तर मला फोन करून विचारा. हा शब्द मला कळला नाही, असं तुमचा फोन कधी म्हणत नाही. मीही म्हटलं नव्हतं.