हिरूचा डावा हात

कळंबच्या हिरूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचे भाऊ रडीचा डाव खेळत होते. भातकापणी झालेल्या शेतात ती बॅट धरून उभी होती आणि तिला बाद करणं तिघांनाही जमत नव्हतं. मी भिसेगावची, मास्तरांची पद्मजा. कर्जतच्या शाळेत आम्ही मुलींचा संघ काढला तो तिच्या जोरावर. बाकी आम्ही सगळी खोगीरभरती.

धसकटांच्या शेतात चेंडू उसळत नाही, सरपटतो. त्यामुळे हिरूची नजर कायम जमिनीवर आणि बॅट सरळ. जिल्ह्याकडून खेळली, राज्याकडून खेळली, आणि मग रीतीप्रमाणे तिचं लग्न झालं. कडावचा गजा, रेल्वेत गँगमन, घाटात रूळ सांभाळायचा. आता संपलं हिचं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण गजा म्हणाला, "खेळ की गं. घरात कोन अडवतो तुला?"

सत्त्याहत्तर साली पुण्याच्या शिबिराचं बोलावणं आलं. तिथून भारताचा संघ निवडला जाणार होता. हिरूची सासू सोनुबाई भात पाखडत होती. स्कर्ट घालून खेळतात हे ऐकून ती कपाळाला हात लावेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "गुडघं दिसलं तर दिसू दे. पन बांगड्या उतरवायच्या नाय. येवढं कबूल कर नि खुशाल जा."

गंमत वाटली तर वाटू द्या, पण त्या घरात कुणाला हसू आलं नाही. सोनुबाईचा थोरला मुलगा नामाही घाटातच गँगमन होता. एका पावसाळ्यात लावणीच्या चिखलात त्याच्या बायकोच्या बांगड्या गेल्या. कासार आठवडाबाजारालाच भेटेल, म्हणून ती तशीच राहिली. दोन दिवसांनी घाटात दरड आली आणि नामा तिच्याखाली सापडला. दरडीला बांगड्या कळत नाहीत, हे मला कळतं. पण सोनुबाईने मुलगा गमावला होता, मी नाही.

हिरूने शब्द दिला. सोनुबाईने स्वतः जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दोन्ही हातांच्या हिरव्या बांगड्यांवर गच्च गुंडाळली. "आता काय बी नाय व्हायचं," म्हणाली. सोबतीला मी गेले.

पुण्याची खेळपट्टी म्हणजे टणक जमिनीवर अंथरलेली चटई. चेंडू छातीशी यायला लागला तशी हिरू गांगरली. छातीपर्यंत येणारा चेंडू तिने जन्मात पाहिला नव्हता. पण ती चिवट. आठवडाभरात मागच्या पायावर जायला शिकली, आणि शिबिराच्या बाई माझ्याजवळ म्हणाल्या, "ही नक्की." त्याच बाईंनी पट्टीकडे बोट दाखवून तिला दोनदा बजावलं, "आतल्या बांगड्या काढ." हिरूने मान डोलावली आणि काढल्या नाहीत. मी रात्री तिच्याशी भांडलेसुद्धा. म्हटलं, "कडावला कोण बघतंय?" तर म्हणाली, "गजा घाटात हाय गं. मला झोप नाय लागायची."

निवडीच्या शेवटच्या सामन्यात तिच्या तीसच्या वर धावा झाल्या होत्या. एक आखूड चेंडू उसळला, ती मागे सरली, पण हात खाली राहिला. चेंडू डाव्या मनगटावर बसला. मला आधी वाटलं, नुसता मार लागलाय. मग लुगड्याची पट्टी लाल व्हायला लागली. डॉक्टरांनी काचा काढल्या, टाके घातले. अंगठ्याची शीर तुटली होती. संघ जाहीर झाला त्या दिवशी आम्ही कर्जतच्या गाडीत होतो.

कडावला पोचलो. सोनुबाईने बँडेज पाहिलं, रिकामा हात पाहिला आणि ती किंचाळली, "गजा कुठं हाय?" गजा तिच्या मागेच उभा होता, पाण्याचा तांब्या घेऊन. मला त्या क्षणी त्या बाईचा इतका संताप आला, की मी चहा न घेता निघून आले.

जखम भरल्यावर कासाराला घरी बोलावलं. बांगडी चढवायची तर अंगठा तळव्यात दाबावा लागतो. उजव्या हातात जोडीच्या आणखी दोन सहज गेल्या. डावा अंगठा वळेचना. कासाराने साबण लावला, तेल लावलं, हिरूच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी तो म्हणाला, "वयनी, नाय जात." जमलेल्या सगळ्या बायका सोनुबाईकडे बघायला लागल्या. तिने कासाराचे पैसे देऊन टाकले.

याला आता दहा वर्षं झाली. हिरूचा डावा हात तेव्हापासून मोकळाच आहे, आणि गजा रोज घाटात जाऊन रोज धडधाकट घरी येतो. इतक्या वर्षांत त्याला साधं खरचटलंही नाही.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेले होते. हिरू एका हाताने भाकरीचं पीठ मळत होती; डाव्या हाताची पकड गेली ती गेलीच. सोनुबाई बराच वेळ तिच्याकडे बघत बसली होती. मग हळूच म्हणाली, "हिरू, आता जाशील का गं खेळाया? बांगड्यांचं मी काय नाय बोलनार."

हिरूने परात पायाने घट्ट धरली आणि पिठात पाणी घातलं.