टाकीचं नाक

झाकण घट्ट लावलेली वस्तू दिसली की जिचा स्वतःचाच जीव गुदमरतो अशी बाई सबंध मराठवाड्यात एकच असेल, आणि ती नेमकी माझी थोरली नणंद आहे. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. अक्का लातूरला असतात आणि तेलगिरण्यांच्या टाक्यांचे नकाशे काढतात. सोयाबीनच्या पेंडीत उरलेलं तेल ज्या द्रवानं धुऊन काढतात, ते सॉल्व्हंट पेट्रोलसारखं पेट घेतं. ते जिथं साठवायचं त्या टाकीनं श्वास कुठून आणि किती घ्यायचा, हे ठरवणं हा त्यांचा धंदा. टाकीच्या माथ्यावर त्यासाठी जी नळी ठेवतात तिला त्या ‘नाक’ म्हणतात. नांदेडला आमच्या घरी आल्या की हातपाय धुऊन त्या आधी माझे डबे तपासतात आणि एकेक झाकण हळूच सैल करून ठेवतात. त्या परत गेल्यावर चार दिवस आमच्या साखरेत मुंग्या असतात.

नवी सून असताना मी एकदा त्यांना विचारलं होतं, लोखंडाच्या टाकीला कसला आलाय श्वास? उत्तर तोंडी देतील तर त्या अक्का कसल्या! त्यांनी माझा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा गॅसवर चढवला, आत पेलाभर पाणी उकळलं, खाली उतरवून बूच गच्च लावलं आणि वरून गार पाणी ओतलं. डबा कण्हला आणि सगळ्यांच्या देखत आत चेपत गेला. सासऱ्यांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. ‘बघितलंस? कुणी हात लावला न्हाई त्याला. नाक बंद होतं म्हणून आत बसला,’ अक्का म्हणाल्या. त्या डब्यात मी गहू भरणार होते.

बरं, श्वास लागतो तर घेऊ द्यावा टाकीला. पण तेही इतकं सोपं नाही. हवा आत गेली तर सॉल्व्हंटच्या वाफेशी मिसळून भडका उडायची भीती, म्हणून वरच्या रिकाम्या जागेत नायट्रोजनचं पांघरूण घालायचं. म्हणजे श्वास घ्यायचा, पण हवेचा नाही. पांघरूण घ्यायचं, तेही लातूरच्या मे महिन्यात, आणि ते कुणाला दिसायचं नाही. ‘ध्यानात आलं का गं?’ असं अक्का विचारतात आणि मी हो म्हणते. लग्न झाल्यापासून हो म्हणत आले आहे.

अशातच माझ्या लेकीची सोयरीक रेणापूरकडच्या एका तेलगिरणीवाल्यांच्या घरात जुळत आली. मुलगा शिकलेला, माणसं भली, लेकीला पसंत. मला तर रात्री झोप येईना इतका आनंद झाला होता. त्यांच्या नव्या टाकीचं काम अक्कांकडेच होतं. टाकीची पूजा करायची, पहिला माल भरायचा आणि तिथंच सुपारी फोडायची असं ठरलं. आम्ही सगळे नटूनथटून गेलो, तर अक्कांनी गिरणीच्या आवारात दिवा लावू दिला नाही, उदबत्तीही नाही. पूजा सांगणारे स्वामी न पेटवलेलं निरांजन हातात धरून गोंधळून उभे. ‘ज्योतीबिगर आरती पोचती का हो अक्का?’ त्यांनी विचारलं. ‘देवाला अंधारातबी दिसतंय, ओवाळा तुम्ही,’ अक्का म्हणाल्या. मी हसून वेळ मारून नेली.

टाकी नवरीसारखी सजवली होती. झेंडूचे हार, आणि अगदी माथ्यावर लाल कापडात बांधलेला नारळ. मुहूर्त जवळ आला, मुलाच्या आजोबांनी पंपाच्या बटणाकडे हात नेला, आणि वर बघत असलेल्या अक्कांनी तो हात सगळ्या पाहुण्यांसमोर गच्च धरला.

‘थांबा! नाकावर काय बांधलंय?’

‘नारळ हाय की. दृष्ट लागू नये म्हून,’ आजोबा म्हणाले.

अक्कांनी पदर खोचला आणि त्या इरकल साडी सावरत टाकीची शिडी चढल्या. कुणाला काही समजेना. कुणी म्हणालं यांना चक्कर आली, कुणी म्हणालं अंगात आलं. मुहूर्त टळला. वरून नारळ निसटला तो थेट स्वामींच्या ताटाशेजारी येऊन फुटला. लाल कापडाखाली जाड प्लास्टिक निघालं. आत रंग जाऊ नये म्हणून रंगाऱ्यानं ते नळीच्या तोंडाला सुतळीनं आवळून बांधलं होतं, आणि पूजेला ओंगळ दिसतं म्हणून कुणीतरी त्यावर कापड चढवलं होतं. ‘माल भरताना आतला वायू जाणार कुठनं? छप्पर फाटलं असतं, आन् खाली आपण सगळे उभे,’ अक्का खाली येऊन धापा टाकत सांगू लागल्या. सगळ्यांनी वर पाहिलं. छप्पर तर जागच्या जागी होतं. फुटलेला नारळ मात्र सगळ्यांना दिसत होता. सुपारीचं पुढं बघू, असं ठरलं.

आठ दिवसांनी मुलाकडच्यांचा फोन आला. पहिल्याच शुभकार्यात अपशकुन झाला, आजोबांचं मन घेत नाही म्हणाले. लेक दोन दिवस जेवली नाही. अक्का भेटायला आल्या तेव्हा मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. उंबऱ्यातच मी त्यांना म्हणाले, ‘तुम्हाला लेक असती म्हणजे कळलं असतं.’ अक्कांनी लग्न केलेलं नाही. घरातलं कुणीही त्यांना असं काही आजवर बोललं नव्हतं.

अक्का जरा वेळ पिशवीचे बंद चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘लेक तिथंच उभी होती की गं. टाकीला टेकून.’

खरंच उभी होती. हळदीकुंकवाचं ताट देऊन मीच तिला तिथं उभं केलं होतं, आजोबांच्या नजरेत भरावी म्हणून.

याला आता वर्ष होत आलं. लेक सावरली, आत्याशी फोनवर तासतासभर बोलते, हसते. मी मात्र अक्कांची माफी अजून मागितलेली नाही. दर खेपेला ठरवते, आणि त्या समोर आल्या की सुरुवात कुठून करावी तेच मला कळत नाही.