दादरला ‘समोरच’ मिळणारी बस

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत कुणाला मुंबईला जायचं असलं की आधी माझ्याकडं यायचं, असा रिवाजच पडला होता. कुठं उतरायचं, कोणती बस धरायची, टॅक्सीवाल्याला पत्ता कसा ठासून सांगायचा, सगळं मी चिठ्ठीवर लिहून द्यायचो. मी तिथं दोन वर्षं नोकरी केली असा सगळ्यांचा समज. खरं सांगतो, उणेपुरे अकरा दिवस होतो, तेही पंचवीस वर्षांपूर्वी, साहेबांच्या फायली उचलायला. दोन वर्षांचं कुणीतरी बोललं आणि मी खोडलं नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस मी.

समोरच्या ताईंनी शाळेत खिचडी शिजवून लेकीला नर्सिंग शिकवलं. तिला सरकारी दवाखान्यात जागा लागली. कागदपत्रं तपासायला मुंबईला बोलावलं, सकाळी दहाच्या आत.

"उशीर झाला तर जागा पुढच्या नंबरला जाती, भाऊ," ताई म्हणाल्या. "तुम्ही लिहून दिलं की घोर नाय."

मी चष्मा लावून ऐटीत लिहिलं: दादरला उतरा, स्टेशनाबाहेर पडा, समोरच बस मिळेल.

आमच्या स्टेशनाला बाहेर म्हणजे एकच बाहेर. दादरला पूर्व वेगळी, पश्चिम वेगळी, हे लिहिताना सुचलंच नाही. सुचलं असतं तरी बस कुठल्या अंगाला ते आठवत कुणाला होतं? आणि मी विचारणार कुणाला? सगळे मलाच विचारायचे ना!

तिसऱ्या दिवशी मायलेकी परत आल्या. ज्या अंगाला बाहेर पडल्या तिथंच तासभर उभ्या राहिल्या. पोचेपर्यंत दार बंद झालं होतं. जागा गेली. ताईंनी माझ्या हातात हलव्याचा पुडा ठेवला. "आम्हीच वेंधळ्या, भाऊ. तुम्ही नीटच लिहिलं होतं."

"असू द्या, होतं असं," मी म्हणालो. सांगायला लाज वाटते, पण अगदी हेच म्हणालो. वर हलवाही खाल्ला.

आठवडाभर मी भाजीला मागच्या बोळानं जायचो. शेवटी एका दुपारी पोरगी ओट्यावर एकटी तांदूळ निवडत बसलेली दिसली, तसा गेलो. अकरा दिवसांचं सगळं सांगून टाकलं.

"मला तिथंच कळलं होतं, काका," ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "मोबाईल सांगत होता, पूल चढून पलीकडं जा. आई हलेना. म्हणे, भाऊंनी समोर लिहिलंय, म्हणजे समोरच येणार." मग म्हणाली, "मला काय सांगता? तिला सांगा. रोज म्हणती, माझ्या अडाणीपणानं लेकीची नोकरी गेली."

तेवढ्यात ताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "बरं झालं आलात, भाऊ. माझ्या बहिणीला मुंबईला जायचंय, तेवढं लिहून द्या."

आणि मी लिहून दिलं. हातच खिशाकडं गेला, दुसरं काय सांगू. अंदाजानं पूर्वही लिहिली.

पोरीनं चिठ्ठी आईच्या हातातून घेतली, घडी घातली आणि निवडलेल्या खड्यांसोबत खाली टाकली. "का टाकली ते काकांना विचार."

मग सांगावंच लागलं. ताई ऐकून घेईपर्यंत तांब्या हातातच धरून होत्या.

"म्हंजे मी वेंधळी नव्हते," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.